मोरी म्हणजे भुयारी मार्ग नव्हे!

पुन्हा तेच! रस्ता चौपदरी करायचा, मधून वाघांचा भ्रमणमार्ग जातो, आणि आराखड्यात वन्यजीवांची सोय म्हणून काय दाखवायचं? पावसाचं पाणी जायची मोरी! दोन मीटरच्या मोरीतून गवा जाणार कसा? शिंगांचं ओझं घेऊन सांबर आत शिरेल?

रस्त्याखालचा भुयारी मार्ग जनावराला किती मोकळा वाटेल, याचा हिशेब साधा आहे. उंची गुणिले रुंदी, भागिले रस्त्याखालची लांबी. रस्ता रुंदावला की लांबी वाढते, पलीकडचा उजेड दिसेनासा होतो आणि हरणं तोंडाशीच थबकतात. मग ती वर चढतात, ट्रकखाली येतात आणि आपण चालकाला दोष देतो.

पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 वर जमलं ना? महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी रस्त्याखालून 9 मार्ग, 50 ते 750 मीटर रुंद, आणि वाघ, रानकुत्री खालून जाताना कॅमेऱ्यांत दिसली. मग दर नव्या प्रस्तावाला पहिली कात्री याच खर्चाला का? गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर 2018 मध्ये वाघाचे तीन बछडे एकाच वेळी गाडीखाली मेले. अजून किती हवेत?

असा मार्ग बांधून झाला तरी जनावरांचा जीव नकोसा करतात. कुंपण मार्गाच्या तोंडापर्यंत आणायचं सोडून मध्येच तोडतात, म्हणजे जनावर नेमकं त्या फटीतून डांबरावर! खाली ट्रक लावतात, तोंडाशी टपरी उभी राहते, वर रात्रभर झगझगीत दिवे. कुठलं जनावर फिरकेल तिथे? आणि ही देखभाल कंत्राटात का लिहीत नाहीत?