पोर्टल एकत्र होतंय, तुमचा सातबारा रद्द होत नाही

“शासनाचे सर्व पोर्टल बंद. सगळा डेटा खाजगी कंपनीला विकला. ऑनलाइन दाखले व सातबारे रद्द, फक्त सही-शिक्क्याचा कागद चालणार. अर्जांच्या मुदतीही रद्द. खालील फाईल डाऊनलोड करून नवीन नोंदणी न केल्यास रेशन बंद. सर्व ग्रुपवर पाठवा.”

भावकीच्या ग्रुपवरून हे चिखलीच्या आत्तीपर्यंत पोचलं आणि ती कागदांची पिशवी घेऊन कोल्हापूरला यायला निघाली. तिला थांबवलं, पण ग्रुपवर अजून अंगठे उठतायत. म्हणून हे उत्तर.

पोर्टल बंद होत नाहीत. विभागांच्या वेगवेगळ्या वेबसाइटवरच्या सेवा राज्याच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर एकत्र आणायचं काम चाललंय. लॉगिन बदलेल, पान वेगळं दिसेल. दाखला देणारी कचेरी तीच राहते. दुकान दुसऱ्या गल्लीत गेलं म्हणून उधारीची वही कोरी होत नाही.

खाजगी कंपनीचं म्हणाल तर त्यात चिमूटभर खरं आहे. अशी पोर्टलं बनवणारी महाऑनलाइन ही 2010 सालची राज्य सरकार आणि टीसीएसची भागीदारीतली कंपनी. सरकारी आयटीची कामं बघणारी महाआयटी मात्र राज्याच्याच मालकीची. आता याच महाआयटीचं सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षा घेणारं महापरीक्षा पोर्टल पोरांच्या तक्रारींनंतर 2020 मध्ये गुंडाळावं लागलं, आणि जूनमध्ये प्रवेशाची गर्दी उसळली की सर्व्हर कसा बसतो ते सेवा केंद्रात ताटकळलेल्या कुठल्याही आईबापाला विचारा. सरकारी आयटीवर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण ‘विकला’ म्हणणाऱ्यानं आधी कागद दाखवावा.

सातबाऱ्याचं तर धडधडीत खोटं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा, त्यात डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता आहे. महसूल खात्याच्या महाभूमी पोर्टलवरून पंधरा रुपयांत निघणाऱ्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला तलाठ्याचा शिक्का लागत नाही. आणि ‘कागदच खरा’ हे चिखली-आंबेवाडीत जाऊन सांगा बघू! 2019 च्या महापुरात पंचगंगेनं तिथं घरंच्या घरं बुडवली, ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते हे खरं, पण ती आधीपासूनच संपत होती.

मुदती रद्द झाल्या म्हणे. हे वाक्य एजंटांच्या फायद्याचं, ‘वेळ लागणार, आत ओळख आहे, बघू का?’ म्हणायला बरं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 28 एप्रिल 2015 पासून लागू आहे. अधिसूचित सेवेची मुदत आणि ती देणारा पदनिर्देशित अधिकारी, दोन्ही जाहीर करावे लागतात. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर पहिलं अपील, मग दुसरं, त्यानंतर सेवा हक्क आयोग. सबळ कारण नसताना टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. विधिमंडळानं केलेला कायदा पोर्टलचा पत्ता बदलला म्हणून उडत नाही. पोचपावती मात्र मागून घ्या, अपिलाला तीच लागते.

आता ती फाईल. बाकीचा मेसेज नुसता अडाणीपणा म्हणून सोडून दिला असता, ही फाईल म्हणजे सरळ दरोडा आहे. शेवटी ‘एपीके’ लिहिलेली, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, वर अशोकस्तंभाचं चित्र. असली फाईल उघडली की फोनच आधी विचारतो, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप घ्यायचं का? लोक ‘हो’ दाबतात. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. दाखल्याच्या नोंदणीला तुमचे एसएमएस कशाला लागतात? बँकेचा ओटीपी तिथंच येतो म्हणून! सरकारचं कुठलंही खातं व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके पाठवून नोंदणी करून घेत नाही. सरकारी वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, तो पत्ता स्वतः टाइप करा.

रेशनची ई-केवायसी खरी आहे, म्हणूनच लोक फसतात. पण ती दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा देऊन होते, फुकट.

ज्यांनी फाईल उघडलीय त्यांनी लाजू नका. फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवायला सांगा, पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आणि ज्या ग्रुपवर ती फाईल तुम्ही पुढे ढकललीत, तिथं जाऊन आधी डिलीट करा.