त्यागाचं कौतुक पुरे, आता वेळापत्रक द्या

आज सकाळी गंगापूर रोडला एका सत्काराला गेले होते. नाट्यशिक्षकांचा सत्कार होता म्हणून मुद्दाम वेळ काढून गेले. आपल्या नाशकात चित्रकलेच्या सरांचा होतो, पी.टी.च्या सरांचा होतो, नाटकाच्या बाईंना कोण विचारतं? परत आले ती डोकं तापवूनच. हे लिहून मोकळी होते, मग कामाला लागते.

माझ्या मैत्रिणीला शाल-श्रीफळ मिळालं. एका शाळेत नाटक शिकवते ती. मिळालं याचा आनंदच आहे, फार आधी मिळायला हवं होतं. पण पाहुण्यांनी भाषणात सांगितलं काय? "बाईंचा लहानगा तापाने फणफणला होता, घरून फोनवर फोन येत होते, पण बाई प्रयोग सोडून हलल्या नाहीत. याला म्हणतात निष्ठा!" आणि सभागृहात कडकडून टाळ्या. माझ्या शेजारच्या काकूंनी तर डोळे पुसले.

मंडळी, त्या संध्याकाळी काय झालं होतं ते मला ठाऊक आहे. घरचे फोन तिला आलेच नव्हते. येणार कसे? पाच वर्गांच्या पाच नाटकांचं सगळं संगीत तिच्या फोनवर होतं. तो फोन वायरने साउंडला जोडलेला, आणि मधेच कुणाचा कॉल येऊन भर प्रसंगात रिंगटोन वाजू नये म्हणून फ्लाइट मोडवर टाकलेला. साडेतीन ते सहा. तिकडे नवरा १०३ ताप असलेल्या सहा वर्षांच्या पोराला घेऊन एकटा डॉक्टरकडे. फोन लावतोय, लागत नाही. हिने सहा वाजता फोन सुरू केला तेव्हा एकामागून एक मेसेज येऊन पडले. हिला कुणी विचारलंच नव्हतं की प्रयोग की पोरगा. मग निष्ठा कुठून आली यात? चारशे रुपयांचा पेन ड्राइव्ह नव्हता, एवढीच गोष्ट आहे. त्यावर आपण टाळ्या वाजवतो!

नाटक शिकवणाऱ्या माणसाचं घर आणि काम यांचा मेळ बसत नाही, असं सगळे उसासे टाकत म्हणतात. जणू ते कपाळावरच लिहिलंय. मला हे मान्य नाही. मेळ बसत नाही कारण गॅदरिंगची आठवण शाळेला दिवाळीनंतर होते. हिशेब मांडा. आमच्यात ढोबळ मोजमाप आहे, मुलांच्या नाटकाच्या एका मिनिटाला तालमीचा किमान एक तास. १२ मिनिटांचं नाटक म्हणजे १२ तास, ७२० मिनिटं. शाळेची तासिका ३५ मिनिटांची. बाकं सरकवा, हजेरी घ्या, दोघांची भांडणं सोडवा, पाणी प्यायला गेलेले परत आणा, यात १० मिनिटं जातात. उरली २५. आठवड्याला दोन तासिका मिळाल्या तर ५० मिनिटं. म्हणजे जेमतेम साडेचौदा आठवडे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हात घातला तर गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी सगळं वगळूनही नाटक डिसेंबरच्या आधी उभं राहतं. शाळेच्या वेळेत. एकही रविवार न घेता.

होतं काय? २० नोव्हेंबरला बैठक, २० डिसेंबरला गॅदरिंग. चार आठवडे, २०० मिनिटं. उरलेली ५२० मिनिटं, म्हणजे पावणेनऊ तास, कुठून येतात? तिच्या घरातून येतात. आणि हे एका नाटकाचं झालं. तिच्याकडे पाच होती.

बरं, पावणेनऊ तास हे कागदावरचे. साडेपाचला तालीम संपते असं पालकांना कळवलं की शेवटचा पालक सव्वासहाला येतो. तोवर बाई फाटकाशी उभ्या, कारण दुसऱ्याचं लेकरू एकटं सोडून कुणी जात नाही. मग सातपूरहून नाशिक रोड. द्वारका चौकात त्या वेळी काय अवस्था असते हे मी तुम्हाला सांगायला नको, आणि आता सिंहस्थाच्या कामांमुळे तर विचारूच नका. घरी पोचेपर्यंत पोराचा गृहपाठ, जेवण, सगळं दुसऱ्या कुणीतरी उरकलेलं असतं. किंवा उरकलेलं नसतं, आणि मग ते दहा वाजता सुरू होतं.

हो, काही नाट्यशिक्षकांना दुसऱ्याच्या हातात काही द्यायला जमत नाही हेही खरं आहे. सगळं मीच बघणार, असा स्वभाव असतो. मान्य. पण द्यायला दुसरा हात तरी कुठे दिलाय शाळेने? बहुतेक ठिकाणी तर नाटकाचं पूर्ण वेळ पदच नसतं. मराठीच्या बाईंकडे जास्तीचं काम म्हणून देतात, नाहीतर बाहेरून तासावर कुणाला तरी बोलावतात. तासावरच्या माणसाला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात. संहिता कापणं, संगीत शोधणं, कपडेपटवाल्याकडे मापं घेऊन जाणं, याचे पैसे कुणी देत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कला इतर विषयांशी जोडून शिकवा असं लिहिलंय. छान लिहिलंय. वेळापत्रकात कुठे आहे ते दाखवा.

पुन्हा त्या संध्याकाळकडेच येते, कारण तिथे काय व्हायला हवं होतं हे मला नेमकं माहीत आहे. ट्रॅक पेन ड्राइव्हवर हवे होते, आणि पेन ड्राइव्ह दोन. एक साउंडवाल्याकडे, एक बाईंच्या पर्समध्ये. फायलींची नावं ०१, ०२, ०३ अशी वाजवायच्या क्रमाने, पुढे प्रसंगाचं नाव. प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला दोन सेकंद शांतता, म्हणजे बटण दाबल्याबरोबर पहिला ठोका कापला जात नाही. नेटवरून थेट वाजवायचं नाही. जाहिरात लागते आणि शिवाजी महाराजांच्या प्रवेशाला साबण विकला जातो, हे मुलांच्या मेहनतीचं वाटोळं आहे. हे सगळं आदल्या दिवशी नाट्यगृहाच्या यंत्रणेवर वाजवून बघायचं, कारण काही फायली तिथे उघडतच नाहीत.

आणि क्यूशीट, म्हणजे प्रकाशाचा-संगीताचा कोणता बदल (क्यू) नेमका कधी द्यायचा ते लिहिलेला कागद. हीच खरी ग्यानबाची मेख. त्या दिवशी प्रकाशाचे सगळे बदल फक्त तिच्या डोक्यात होते. लाइटवाल्या दादांच्या खुर्चीमागे उभी राहून "आता द्या, आता काढा" सांगत होती. फोन लागला असता तरी ती निघू शकली नसती, कारण तिच्या जागी उभं राहून "आता" कोण म्हणणार? क्यूशीट असती तर कुणीही म्हटलं असतं. संहिता एका बाजूच्या पानावर, समोरचं पान कोरं. कोऱ्या पानावर पेन्सिलने क्यूचा नंबर, तो कोणत्या वाक्याच्या कोणत्या शब्दावर द्यायचा, रंगमंचाच्या कुठल्या भागात प्रकाश, किती सेकंदांत चढवायचा, कधी उतरवायचा. "राजा येतो तेव्हा" असं लिहून भागत नाही. राजा त्या दिवशी चुकीच्या विंगेतून येतो किंवा येतच नाही. क्यू बोललेल्या शब्दाला बांधा. मधे नवा बदल आला तर १४ च्या पुढे १४अ, सगळे नंबर पुन्हा घालत बसायचे नाहीत. १२ मिनिटांच्या शालेय नाटकाला १५-२० क्यू खूप झाले. एक प्रत लाइटला, एक साउंडला, एक विंगेत. आणि रंगीत तालमीला बाईंनी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसायचं, चालवायचं सहकाऱ्याने. जिथे अडकेल तिथे कागदात काय राहिलंय ते कळतं. विज्ञानाचे सर हे काम उत्तम करतात, मी पाहिलंय. नाटकाचं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं, लिहिलेलं अचूक पाळतात.

तालमीचंही तसंच. ३० मुलांना रोज बोलवायचं, त्यातली २२ भिंतीला टेकून बसणार, दंगा करणार, बाई ओरडणार. ओरडून घसा बसला की घरी आल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, आणि घरच्यांना वाटतं रागावली. (कुजबुजून बोलल्याने घशाला आराम मिळतो हा गैरसमज आहे. ताण वाढतो. खाकरूही नका, पाणी प्या, आणि वर्गात शांततेची खूण म्हणून डफ नाहीतर टाळीचा ठेका ठरवून टाका.) संहितेचे तुकडे पाडा, कोण आत येतं नि कोण बाहेर जातं त्यावरून. मुलांची नावं उभी, तुकडे आडवे, जो ज्यात आहे तिथे फुली. तक्ता पाहिला की कळतं, तीन तुकडे सातच मुलांवर उभे आहेत. सोमवारी ती सात, गुरुवारी दुसरी आठ, समूहाचे प्रसंग शेवटच्या तीन आठवड्यांत. शाळेनंतर थांबावंच लागलं तर पाऊण तास पुरतो. तेवढ्याच मुलांचे पालक, तेही वेळेवर येतात, कारण रोज उठून यावं लागत नाही.

घरच्यांनाही एक सांगते, रागाने नाही. नाटकवाल्या माणसाचं वर्ष वेगळं असतं. १५ ऑगस्टचं पथनाट्य, शिक्षक दिन, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, बालनाट्य स्पर्धा, गॅदरिंग, २६ जानेवारी, २७ फेब्रुवारीला तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, जयंतीला मराठी भाषा गौरव दिन, २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन, आणि एप्रिल-मेमध्ये शिबिरं. स्वतःच्या मुलांना सुट्टी लागते तेव्हाच हिच्या कामाचा हंगाम. हे दरवर्षी असंच असतं, तारखाही बहुतेक ठरलेल्या असतात. तर जूनमध्येच स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा करा. प्रयोगाचे दोन आठवडे लाल. त्या दोन आठवड्यांत डबा कोण भरेल, शाळेतून कोण आणेल, ताप आला तर कोण जाईल आणि तिला निरोप कुणाच्या फोनवर द्यायचा, हे तेव्हाच ठरवा. हा शेवटचा नंबर फार महत्त्वाचा. विंगेत सांभाळणाऱ्या एका सहकाऱ्याचा किंवा नाट्यगृहाच्या दारावरच्या स्वयंसेवकाचा. आणि बदल्यात प्रयोगानंतरचे चार दिवस तिने बाहेरचं काहीही घ्यायचं नाही. बक्षीस समारंभही नाही.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. डिसेंबरच्या उत्तरार्धात सगळ्या शाळांना कालिदास नाहीतर साईखेडकर नाट्यगृहच हवं असतं, तारखा एकमेकींच्या अंगावर येतात. तिच्या मुलाच्या शाळेचं गॅदरिंग त्याच आठवड्यात होतं. तो झाड झाला होता. दुसऱ्यांच्या झाडांना खोडाच्या रंगाचा कपडा कुठे शिवून मिळतो हे हिला तोंडपाठ, आणि याच्या झाडाचा व्हिडिओ तिने दुसऱ्या आईच्या फोनवर पाहिला. नाट्यगृह ठरवताना शिक्षकांच्या मुलांच्या शाळांच्या तारखा विचारल्या तर बिघडतं काय? पाच शिक्षकांना पाच प्रश्न. हे एवढं अवघड आहे?

काही जण म्हणतील, रंगभूमीचा नियमच आहे, प्रयोग थांबत नाही. ठीक आहे, नाही थांबत. मीही तेच शिकवत आले. पण तिसरी घंटा झाल्यावरचा नियम आहे तो. पहिल्या घंटेच्या सहा महिने आधी वेळापत्रक न करणाऱ्यांनी त्याच्या मागे लपू नये. आणि व्यावसायिक नाटकात रंगमंच व्यवस्थापक असतो, संगीत चालवणारा वेगळा, प्रकाशाचा वेगळा, कपडेपटाचा वेगळा, रंगभूषेचा वेगळा. शाळेत हे सगळं एकाच बाईवर. नियम तेवढे व्यावसायिकांचे लावायचे होय?

ती गेली असती तरी ताप लगेच उतरला नसता, असं कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलावर एक गृहस्थ म्हणाले. नसता उतरला. पण तिला जायचं होतं.

तुमच्यापैकी बरेच जण पालक संघात आहात, दोघं-तिघं तर शाळांच्या समित्यांवर. जूनच्या पहिल्या बैठकीत गॅदरिंगचा विषय घ्या. संहिता जुलैच्या पहिल्या आठवड्यात पक्की, आठवड्याला दोन तासिका वेळापत्रकात छापलेल्या, तांत्रिक बाजूला एक सहकारी नावानिशी नेमलेला, आणि दोन पेन ड्राइव्ह. ठरावात लिहून घ्या, तोंडी नको. क्यूशीटचा आणि मुलांच्या तक्त्याचा कोरा नमुना माझ्याकडे मराठीत आहे, ए-फोर कागदावर बसतो. कमेंटमध्ये शाळेचा भाग लिहा, सिडको, पंचवटी, देवळाली, जो असेल तो. मी रात्री सगळ्यांना पाठवते.