मत प्रथमेशला, तरीही कार्तिकीच!

'सारेगमप लिटिल चॅम्प्स' या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेच्या जुन्या क्लिपा परत फिरायला लागल्यात आणि खाली तेच जुनं भांडण: एसएमएसच्या मतांमुळे प्रथमेश लघाटेवर अन्याय झाला. मी वेंगुर्ल्याची. 2009 च्या फेब्रुवारीत आमच्या अख्ख्या वाडीने बॅलन्स संपेस्तोवर प्रथमेशला मतं दिली. काकी तर हटूनच बसलेली, "आरवलेचो म्हणजे आमचोच तो!" तिला वाटलं, आपली वेंगुर्ल्याकडची, वेतोबाच्या देवळाची आरवली. तो संगमेश्वराकडच्या आरवलीचा, हे कळल्यावरही तिने मत काही फिरवलं नाही. बरोबरच आहे, रत्नागिरी काय परकी आहे?

तरी सांगते, कार्तिकी गायकवाड जिंकली ते योग्यच झालं.

प्रथमेश लघाटे नाट्यगीत गायचा तेव्हा केवढीही अवघड तान असो, चेहऱ्यावर सुरकुती नाही. समेवर असा अलगद यायचा की पखवाज वाजवणारे आमचे आजोबा खुर्चीतूनच "वा बुवा!" म्हणायचे. एवढ्याशा पोराला बुवा! पण सिनेमातलं गाणं आलं की तो जरा पाहुण्यासारखा वाटायचा. कार्तिकीचा गळा खुला, माईक काढून घेतला तरी देवळाच्या मागच्या खांबापर्यंत पोचेल असा. त्यात वडील कल्याणजी स्वतः चाली बांधणारे. त्या चाली ती गायची तेव्हा तुलनेला दुसरी गायिकाच नसायची. जे काही आहे ते तिचंच. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

आर्या आंबेकरने शब्दाचं शेवटचं अक्षर कधी गिळलं नाही, आईच गुरू असल्याचा परिणाम. रोहित राऊत मला तेव्हा फारसा भावला नाही, इतकंच. आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन! सूत्रसंचालक पल्लवी जोशी तिला मॉनिटर म्हणायच्या आणि आम्ही सगळे तिच्या वयाचंच कौतुक करत बसलो. तिचा ताल किती पक्का होता, हे आता ऐकताना जाणवतं. (2023 मध्ये तिचं नि प्रथमेशचं लग्न झालं तेव्हा काकी म्हणाली, "बरा झाला, दोगांय कोकणातच रवली.")

मी स्वयंपाकघरात बांगड्यांना मीठमसाला लावत असायचे आणि बाहेर कोण गातंय ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे. पाच मुलं, पाच गळे. आताच्या स्पर्धांत मला हे जमत नाही. मुलं सुरेल आहेत, तयारी तर अफाट. पण मूळ रेकॉर्डमधली हरकत, मुरकी, श्वाससुद्धा जिथल्या तिथे. मोबाईलवर ऐकून ऐकून घोटलेलं. आणि परीक्षक पहिल्या कडव्यालाच उभे.

आमच्याकडे डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या समोरासमोरच्या सामन्यात, असं चालतच नाही. देवाच्या रूपाची रूपावली झाली, अभंग झाला, गौळण आली की समोरचा बुवा काय टाकेल त्याचा नेम नाही. उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं, नाहीतर मांडवातली माणसंच हुर्यो करतात. कॉपी मारली तर मग विचारूच नका.

वाहिनीवाल्यांनी एक भाग तरी असा करावा. सकाळी मुलांना कधी न ऐकलेली चाल द्यायची, संध्याकाळी गायला लावायची आणि परीक्षक म्हणून कुडाळ-कणकवलीकडचा एखादा भजनी बुवा बसवायचा. चुकतील, चुकू देत. आमची वाडी मत देईल, अगदी परजिल्ह्यातल्या पोरालासुद्धा. काकीची मात्र गॅरंटी नाही.