चाळीसला काळी दोन

जुन्या गाडीत आवाज येतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "विकून का नाही टाकत?" असं विचारणाऱ्यांना मी गाडीत घेत नाही. बाकीच्यांना मात्र हाताला धरून बसवतो, कारण डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, दुखणं एकट्याला ऐकता येत नाही. चालवणारा पुढे आणि आवाज मागे.

गाडी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुन्या लोकांची फियाट. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअरचा दांडा आणि मागे स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेला सबंध एक्सेल. त्या एक्सेलच्या पोटातला डिफरन्शियल मी एका गॅरेजात पुन्हा भरून घेतला. बेअरिंग नवी, सील नवी, ई.पी. ९० तेल नवं, बिल तर कोरं करकरीत. गाडी घेऊन निघालो, काटा चाळीसवर गेला आणि मागून सूर लागला. ऊंऽऽऽ.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, दात नवीन आहेत. घासून घासून बसतील."

क्राउन म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक आणि पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं छोटं; दोघं कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीनं बाहेर पडतात. रस्त्यावर आल्यावर घासायचं काही शिल्लक नसतं. त्यानंतर जे घासतं ते फक्त खराब होतं. पण हे मिस्त्रीला सांगायला त्यानं आधी गाडीत बसायला हवं होतं. आणि तो बसला की गाडी गप्प. चहाच्या टपरीपर्यंतच्या फेरीत चाळीस गाठणार तरी कोण?

मग घरची मंडळी तपासणीला आली. मेहुणा म्हणाला, टायर. बायको म्हणाली, "अहो, खिडकी उघडी असेल." सासरे बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीत आधी तूट दिसते. "जावईबापू, तेल कमी घातलंय. मोजून घेतलं होतं का?" झाकण उघडून पाहिलं, तेल काठोकाठ होतं. "मग जास्त घातलंय," ते म्हणाले.

टायरचा संशय सोपा निघाला. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. हा डांबरावर जसा, तसाच सिमेंटवर.

खरं काम केलं आमच्या वरच्या मजल्यावरच्या पेटीच्या बाईंनी. त्यांना भाजीला मंडईत सोडायचं निमित्त होतं. मागे बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चाळीसला काळी दोन आहे." म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी. थोडा पुढे रस्ता मोकळा मिळाला. "आता पांढरी पाच. किती स्पीड आहे?" पन्नास होता. मी चाळीसवर येऊन टॉपमधून तिसरा टाकला. इंजिन ओरडायला लागलं, पण बाई ठाम. "पेटी तीच, पट्टी तीच. काळी दोन." म्हणजे सूर चाकांच्या वेगाशी बांधलेला होता, इंजिनशी नाही. गिअरबॉक्स निर्दोष सुटला. भाजी राहिली.

पुढची परीक्षा कात्रजच्या जुन्या घाटात. चढताना ॲक्सिलरेटर दाबला की आक्रोश. उतरताना पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडली की चिडीचूप. दाबल्यावर पिनियन क्राउनच्या दातांची एक बाजू ढकलतो, पाय काढल्यावर दुसरी. पिनियनचं बेअरिंग गेलं असतं तर चढताना आणि उतरताना दोन्हीकडे गुरगुरलं असतं. चाकाचं बेअरिंग असतं तर वळणावर आवाज बदलला असता. तेही पाहून घ्यावं म्हणून सोसायटीच्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवली. काही बदललं नाही, म्हणजे संशय उरला फक्त दातांवर. वॉचमन गेटावरून बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "साहेब, लायसनची टेस्ट कधी आहे?"

आता प्रकरण अण्णांकडे गेलं. अण्णांनी आयुष्यभर फियाटशिवाय दुसऱ्या गाडीखाली पाठ टेकलेली नाही. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, गिअर टाकला आणि मागचं एक चाक हातानं फिरवलं. दुसरं उलटं फिरलं. सासरे उडालेच. "हे बघा! हाच फॉल्ट!" अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. गिअरमुळे इंजिनकडून येणारा शाफ्ट अडकला असताना चाकांनी असंच फिरायचं असतं. त्यासाठीच तर आतले छोटे गिअर ठेवलेत, नाहीतर वळणावर बाहेरच्या चाकाला जास्तीचं अंतर कापता येणार कसं?

डिफरन्शियल खाली आला. अण्णांनी मारुतीला लावतात तोच शेंदूर काढला, तेलात कालवला, ब्रशनं क्राउनच्या चारसहा दातांना फासला आणि क्राउन दाबून धरत पिनियन फिरवला. जिथे दाताला दात भिडतो तिथला शेंदूर पुसला जातो. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. आमचा अगदी वरच्या कडेला, केसाएवढा. "पिनियन लांब बसलाय," अण्णा म्हणाले. शिम, म्हणजे पिनियन पुढेमागे करणारी पातळ चकती, बदलली, पुन्हा शेंदूर. आता चढाच्या बाजूचा ठसा मधे आला आणि उताराच्या बाजूचा कडेवर पळाला. आणखी शिम, आणखी शेंदूर. अण्णांची बोटं, माझा शर्ट आणि सासऱ्यांचं धोतर अशा क्रमानं सगळे शेंदरी झालो.

शेवटी अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कोरलेले नंबर वाचले. क्राउनवर एक, पिनियनवर भलताच.

"हा कोणाचा नवरा आणि ही कोणाची बायको?" त्यांनी विचारलं. "ह्यांचं शिमनी जमणार नाही."

पहिल्या गॅरेजात एका जोडीतलं क्राउन चांगलं दिसलं, दुसरीतला पिनियन चांगला दिसला, आणि त्यांनी दोन चांगल्या वस्तूंचं एक वाईट काम केलं होतं.

नवी जोडी आली कुर्ल्याहून, म्हणजे पद्मिनी जिथे बनायची त्या तिच्या माहेराहूनच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, त्यातल्या एकीचा एक्सेल अण्णांच्या ओळखीच्या भंगारवाल्यानं जपून ठेवला होता. गोणपाटातून क्राउन निघाला, पिनियन निघाला, दोघांवर एकच नंबर. अण्णांनी डायल गेज लावून प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी फट, पाच थाऊवर (इंचाचे पाच हजारांश) आणला, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग आणि वर थोडं. शेंदराचा ठसा दोन्हीकडे मधोमध. मी फोटो काढून पेटीच्या बाईंना पाठवला. त्यांनी "छान, पण काय आहे हे?" असं विचारलं.

कात्रजचा घाट पुन्हा चढलो. चाळीस. पन्नास. मागून काहीही नाही. मागच्या सीटवर सासरे अस्वस्थ व्हायला लागले. पुढे वाकून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, गाडी बाजूला घ्या. काहीच ऐकू येत नाहीये. तेल संपलं असणार."