"कॉल कट करू नका, घरात कुणाला सांगू नका"

डिजिटल अरेस्टचा, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून "तुम्हाला व्हिडिओ कॉलवरच अटक केलीय" असं धमकावत पैसे उकळणाऱ्या भामट्यांचा फोन आला की नंबर, आवाज किंवा गणवेश बघून खरंखोटं ठरवायला जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. स्क्रीनवरचा नंबर खोटा दाखवता येतो, गणवेश विकत मिळतो, मागे पोलीस ठाण्याचा देखावा उभा करता येतो. तुमचा आधार क्रमांकही त्यांच्याकडे आधीच असू शकतो. पण वर लिहिलेलं वाक्य त्यांना टाळता येत नाही, कारण घरातल्या एकाला जरी कळलं तरी डाव फसतो. ते वाक्य ऐकलं की फोन ठेवा.

सुरुवात ठरलेली असते. "ट्रायमधून (दूरसंचार नियामक) बोलतोय, दोन तासांत सिम बंद होईल" किंवा "तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत". मग "पोलिसांना जोडून देतो", व्हिडिओ कॉल, सीबीआय, ईडी, सहीशिक्क्याचं वॉरंट. शेवटी "पैसे पडताळणीसाठी पाठवा, तपास झाला की परत". खातं मात्र भलत्याच माणसाच्या किंवा कुठल्यातरी ट्रेडर्सच्या नावाचं!

कायद्यात डिजिटल अरेस्ट नाहीच. चौकशीला बोलवायची, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीससुद्धा पोलिसांना व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

रक्कम मोठी असली की माणसाला बँकेत धाडतात. कॉल चालूच, आणि पढवलेलं असतं, "कुणी विचारलं तर फ्लॅट घेतोय म्हणा." बँकेतल्या मंडळींना कळकळीची विनंती: ज्येष्ठ नागरिक घाईघाईने एफडी मोडून अनोळखी खात्यात आरटीजीएस करत असतील, तर तोंडी विचारू नका, पलीकडचा ऐकत असतो. कागदावर लिहा, "कुणी धमकावतंय का?" आणि कागद पुढे सरकवा.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. रडायला, भांडायला नंतर वेळ आहे. रक्कम काही मिनिटांत अनेक खात्यांत फुटते, मग एटीएममधून निघते. खात्यात आहे तोवरच गोठवता येते. यूटीआर क्रमांक (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचं खातं हाताशी ठेवा. दुसऱ्या फोनवरून घरच्या कुणीतरी बँकेला कळवा. चॅट, वॉरंटचा फोटो, कॉलची नोंद, काहीही डिलीट करू नका. पैसे गेले नसतील, नुसताच फोन आला असेल, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या तक्रार सुविधेत नोंदवा.

काही दिवसांनी "तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा" असाही फोन येऊ शकतो. तोही त्यांचाच समजा.