चार बेडरूम, आठ मुली आणि सर्वपित्री अमावस्या

आईने कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आधीच सांगून टाकलं होतं की लेकीला युनिव्हर्सिटीने चार बेडरूमचा फ्लॅट दिलाय. "फोर बीएचके गं, कॅम्पसमध्येच." समोरच्या काकूंचा भाचा अमेरिकेला निघाला होता, त्याची दोन दिवसांची सोय पण परस्पर झाली. खरा प्रकार समजावायला मला तीन व्हिडिओ कॉल लागले, कारण फोर बेडरूम म्हटलं की आईला ऐकू यायचं आणि पुढचं, म्हणजे एका बेडरूममध्ये दोघी आणि सगळ्यांत मिळून दोन बाथरूम, हे सांगताना नेमकं नेटवर्क जायचं. चार दुणे आठ. आठ मुली, एक किचन, एक फ्रिज.

बाबा मात्र एकदम खूश. ते गिरगावात चाळीत वाढलेले. "आठ जणांत दोन? आमच्याकडे आख्ख्या मजल्याला चार होते आणि त्यातल्या एकाला कडी नव्हती. चैन आहे तुमची."

तर मी ट्रान्सफर. म्हणजे पहिली दोन वर्षं फ्रीमाँटला मावशीकडे राहून कम्युनिटी कॉलेज केलं (कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजं आहेत, स्वस्त पडतं, आणि वर मावशीच्या हातचं जेवण) आणि तिसऱ्या वर्षाला खाली सदर्न कॅलिफोर्नियातल्या एका यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एका कॅम्पसला, आले. कुठल्या ते सांगत नाही, अजून तिथेच राहायचंय. ट्रान्सफरवाल्यांचं असं असतं की फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, पोरांना डॉर्म (हॉस्टेलच), मील प्लॅन, आणि रडू आलं तर विचारायला एक ताई सुद्धा. आपल्याला सरळ अपार्टमेंट. मोठ्या झालात ना, घासा भांडी.

एप्रिलमध्ये अ‍ॅडमिशन कळली, 1 जूनपर्यंत येणार की नाही ते कळवायचं, आणि मग हाउसिंगचं पोर्टल उघडलं. पाच कॉम्प्लेक्स, त्यांना पसंतीक्रम द्यायचा. नवीन टॉवर, त्यात सिंगल रूम, भाव असा की आईने तिकडून 85 ने गुणलं आणि थोडा वेळ काही बोललीच नाही. एक जुनं दुमजली, स्वस्त, पण क्लासला शटलने जायचं. एकात ट्रिपल, म्हणजे दोघींना पुरणार नाही अशा खोलीत तिसरीला वरच्या बंकवर चढवायचं. उरलेली दोन मला शेवटपर्यंत वेगळी ओळखता आली नाहीत. फ्लोअर प्लॅनच्या पीडीएफमध्ये पलंग म्हणजे चहाच्या बशीत ठेवलेली पार्लेजी. ते पलंग ट्विन एक्सएल, 38 बाय 80 इंच. एक्सएल फक्त लांबीला! मी पाच फूट एक इंच, म्हणजे पायाशी दीड फूट पलंग नुसता पडून, तोच जरा बाजूला दिला असता तर कूस तरी बदलता आली असती.

मावशी म्हणाली पीडीएफवर कोणी घर घेतं का, चल बघून येऊ. काकांनी सहा-सात तास आय-फाईव्ह हायवेवर गाडी हाणली. टूर देणारा मुलगा जिम दाखवतोय, स्टडी लाउंज दाखवतोय, आणि मावशी थेट सॅम्पल फ्लॅटच्या किचनमध्ये. पर्समधून टिश्यू काढला, शेगडीवरच्या एक्झॉस्टला लावला, पंखा सुरू केला. टिश्यू चिकटला. त्या मुलाला वाटलं झालं, पास. मग मावशीने तळहात वरच्या जाळीसमोर धरला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. हवा बाहेर जातच नव्हती, फिल्टरमधून फिरून परत आपल्याच तोंडावर. "यात फोडणी करायची नाही हो," ती त्या मुलाला मराठीतच म्हणाली. तो "ऑसम" म्हणाला. आणि शेगडीपासून चार पावलांवर छताला स्मोक अलार्म, लाल डोळा मिचकावत. नियमांच्या यादीत मेणबत्ती आणि उदबत्ती दोन्ही बंद. मोहरीचं नाव नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

मी एक्सेल शीट केली होती. भाडं, अंतर, बाथरूममागे माणसं, लॉन्ड्री कितव्या मजल्यावर, प्रत्येकाला मार्क. आकडेमोड करून जे पहिलं आलं ते मला आवडलं नाही म्हणून मी लॉन्ड्रीचे मार्क बदलले.

मग रूममेटचा फॉर्म. किती वाजता झोपता, किती वाजता उठता, खोली किती आवरलेली लागते. आई फोनवर. कॅलिफोर्निया आणि पुण्यात उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, म्हणजे माझे रात्रीचे अकरा हे तिचे सकाळचे साडेअकरा, तिची सगळी कामं उरकलेली, अंगात उत्साह. "लिही, पहाटे उठते." मी म्हटलं आई, मी दहाला उठते. "ते आत्ता गं. असं लिहिलं की मुलगी चांगल्या घरातली मिळते." लिहिलं. अतिशय नीटनेटकी, हे पण लिहिलं. ते टाइप करताना मी खुर्चीवरच्या धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसले होते.

जुलैत निकाल लागला. पाचपैकी चौथं, जुनं दुमजली, शटलवालं.

आता मूव्ह-इनचा दिवस. 21 सप्टेंबर 2025, रविवार. आईने कालनिर्णय काढलं आणि तिचा आवाज बसला. सर्वपित्री अमावस्या. वर सूर्यग्रहण. मी म्हटलं ग्रहण न्यूझीलंडकडे दिसणार आहे, तुला नाही आणि मला पण नाही. "दिसण्याचा प्रश्न नाही." मग बाबांनी पहिल्यांदा लक्ष घातलं: अमावस्या संपते पुण्यात मध्यरात्रीनंतर दीडच्या आत, तिथी काय सगळ्या जगाची एकच, म्हणजे पोरीच्या घड्याळात दुपारी एकच्या आत. एकनंतर घटस्थापनेचा दिवस! आख्ख्या कॅम्पसमध्ये पंचांग बघून एक ते तीनचा स्लॉट घेणारी मी एकटीच असेन. सव्वाला दारात पोचले तेव्हा बाकी सात जणी सकाळीच येऊन स्थिरस्थावर झालेल्या, खिडकीकडचा पलंग गेलेला, फ्रिजमध्ये मला भाजीच्या ड्रॉवरचा डावा अर्धा भाग.

आणि रूममेट. सहा फुटी, हसरी, रोइंग टीममधली. म्हणजे होड्या वल्हवतात त्या. प्रॅक्टिस सूर्य उगवायच्या आत. "तू पण पहाटे उठतेस ना, फॉर्ममध्ये वाचलं, मला इतकं बरं वाटलं!" दुसऱ्या दिवसापासून सव्वाचारला अलार्म, आणि मी काय जागीच असणार म्हणून तिने दिवा लावला.

पहिल्या शनिवारी तशीही झोप उडालीच होती म्हणून मी पोहे टाकले. खिडकी उघडली, पंखा लावला, तेल बेतानेच. मोहरी तडतडली, मिरची पडली, आणि छतावरचा लाल डोळा किंचाळला. सहा जणी पायजम्यात बाहेर, एकीच्या तोंडात ब्रश. कोणाचाच हात पोचेना. तेवढ्यात ही प्रॅक्टिसहून ओलीचिंब परत आली, खुर्ची न घेता माझं ताट उचललं आणि अलार्मखाली उभी राहून असं वल्हवलं की मिनिटभरात शांत. मग तिने दोन प्लेट पोहे खाल्ले, कढीपत्त्यासकट.

परवा पुढच्या वर्षाचा फॉर्म उघडला. ती म्हणाली, आपण दोघी एकत्रच भरू या ना, तुझ्यासारखी लवकर उठणारी मला कुठे मिळणार. मी हो म्हटलं आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते, तिला वाटलं मी पहाटेपासून उठून दमलेय.