टाईट केलंय सर, काय होत नाही

आधीच सांगतो, डोकं फिरलेलं आहे, तेव्हा भाषा जरा इकडंतिकडं झाली तर सांभाळून घ्या.

शनिवारी रात्री साडेनऊ वाजता अनगोळमधल्या आमच्या घराच्या पार्किंगात मी पोतं टाकून आडवा पडलोय, मोबाईल दातात धरून उजेड पाडलाय, हातात १७ चा रिंगपाना, आणि तोंडावर माझ्या ऑफ-रोड मोटरसायकलचा ऑइल ड्रेनचा बोल्ट, म्हणजे जो खोलून इंजिनचं जुनं ऑइल खाली काढतात तो, जो हलायला तयार नाही म्हणजे नाही. रविवारी पहाटे साडेपाचला चौघांनी निघायचं ठरलेलं, जांबोटीवरून कणकुंबीकडं, मधल्या गावांच्या तांबड्या मातीच्या वाटांनी. भीमगडच्या जंगलात घुसायचं नाही हा आमचा नियमच आहे, आणि घुसायची गरज पण नाही, त्याच्या अलीकडंच एवढे ओढे आणि एवढा चिखल आहे की माणसाचं मन भरतं. पावसाळ्यात असे मोकळे रविवार मोजून चार-पाच मिळतात, बाकीचे बारशात नाहीतर बायकोच्या माहेरी निपाणीला जातात.

आणि ऑइल बदलणं भागच होतं. मागच्या खेपेला एका ओढ्यात गाडी आडवी झालेली, त्यानंतर इंजिनच्या काचेतनं बघितलं तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसायला लागलं. म्हणजे पाणी शिरलं. तशी गाडी चालवायची म्हणजे बेअरिंगला विष पाजायचं. ऑइल आणलेलं, फिल्टर आणलेला, नवीन वॉशर सुद्धा आणलेला, काम वीस मिनिटांचं. फक्त बोल्ट खोलायचा.

पहिल्यांदा हातानं जोर लावला. मग पायानं. मग पान्याला पाईप अडकवून. मग एकदा पाना सटकला आणि माझी बोटं सायलेन्सरच्या गार्डवर, साल निघाली, ते राहू दे. शेवटी कट्ट करून आवाज आला आणि मला वाटलं सुटलं बाबा. कसलं सुटलं. बोल्ट फिरतोय, फिरतोय, पण जसा सुटावा तसा नाही, पिठात घातल्यासारखा, गिळगिळीत. काढून उजेडात धरला तर बोल्टला स्प्रिंगसारखी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळून आलेली. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनच्या खालच्या खोक्याचे, आटे होते ते. सगळेच्या सगळे. बोल्ट माझ्या हातात आणि इंजिनचे आटे बोल्टावर, खालनं ते चहाच्या रंगाचं ऑइल माझ्या कोपरावरनं बाहीत.

पुसून नीट बघितलं तर आणखी मजा. वॉशर कागदासारखा चपटा, त्यावर दोन वेगवेगळे गोल वण, म्हणजे तो आधी किमान एकदा वापरलेला, आणि वरनं त्याला लाल सिलिकॉन फासलेलं. अडीच महिन्यांपूर्वीचं सर्व्हिसचं बिल माझ्याकडं फाईलला आहे, त्यात ‘ड्रेन वॉशर, १५ रुपये’ असं छापलेलं आहे. पंधरा रुपये घेतले, जुनाच वॉशर ठेवला, तो गळायला लागला म्हणून सिलिकॉन फासलं, तरी गळेल म्हणून हवेच्या गननं ठोकला बोल्ट. वर आणि ‘कन्झ्युमेबल’ म्हणून ८५ रुपये वेगळे. ते कन्झ्यूम काय झालं? माझं क्रँककेस कन्झ्यूम झालं!

अहो, हे काय रॉकेट सायन्स आहे काय? क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचं, मऊ. बोल्ट स्टीलचा, कडक. दोघांत भांडण लागलं की कोण मरणार हे शाळेतलं पोर पण सांगेल. ऑइल थांबवायचं काम बोल्टच्या ताकदीचं नाहीच, ते त्या वॉशरचं, तो एकदाच दाबून बसतो म्हणून दर वेळी नवा घालायचा असतो. बहुतेक एका सिलिंडरच्या गाड्यांत हा बोल्ट २० ते ३० न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचा असतो. न्यूटन मीटर कळत नसेल तर सोप्यात सांगतो, फूटभर लांब पान्याच्या टोकाला सात ते दहा किलोची तांदळाची पिशवी टांगली की झालं, तेवढंच. ह्यांनी पोतंच्या पोतं टांगलं, आणि पोत्यावर हमाल बसवला.

त्या सर्व्हिस सेंटरमध्ये टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या मापालाच आवळायचा पाना, आहे बरं का. मी स्वतः बघितलाय. भिंतीवर, लाल डब्यात, काचेच्या मागं, देवाच्या फोटोशेजारी. ऑडिटला वरनं कोण आलं की बाहेर काढतात म्हणे. उदबत्ती तेवढी लावायची राहिलीय.

आणि ह्याच्यावरच माझा जीव जास्त जळतो, की हे बेळगाव आहे हो! उद्यमबागेत एक चक्कर मारा, दर दोन शेडमागं एक लेथ, फाउंड्रीचा धूर, क्रँकशाफ्ट मायक्रॉनमध्ये घासणारी माणसं, हायड्रॉलिकचे पार्ट इथं बनतात, हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांत कोणतरी मायक्रोमीटर धरून पोट भरतंय. आणि त्याच गावात मोटरसायकलचा एक बोल्ट मापानं आवळणारा माणूस सापडत नाही. भाषेवरनं आमच्याकडं काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, बोर्डावरनं, बसवरनं, सगळ्यावरनं, पण बोल्ट बैलाच्या ताकदीनं आवळायचा ह्यावर मराठी मेस्त्री आणि कन्नड मेस्त्री दोघांचं शंभर टक्के एकमत. तिथं सीमावाद नाही.

बोल्टचं एकट्याचं असतं तर गप्प बसलो असतो. चेनचं घ्या. ऑफ-रोडच्या गाडीचं सस्पेन्शन लांब असतं, मागचं चाक वर गेलं की चेन ताणली जाते, म्हणून तिला मोकळीक जास्त ठेवावी लागते, बघणाऱ्याला ढिली वाटते, पण ती तशीच पाहिजे. मी सांगून आलेलो, मॅन्युअलचं पान दाखवून आलेलो. गाडी घेऊन आलो तर चेन सतारीच्या तारेसारखी, बोट मारलं तर वाजेल. का? “लूज होती सर, टाईट केलंय.” अरे बाबा, त्या ताणानं गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील जातं, बेअरिंग जातं, आणि ते गेलं की परत तूच बिल लावणार, आता मला कळायला लागलंय हा धंदा कसा चालतो ते.

वॉशिंगवाल्याला हजार वेळा सांगितलं, प्रेशर गन चाकाच्या बेअरिंगवर, स्टिअरिंगच्या कोनावर आणि एअर फिल्टरच्या तोंडात मारू नको, चिखल आहे तो, शेण नाही, भिजू दे आणि हातानं काढ. मान डोलावतो आणि पहिली धार तिथंच. तांबडी माती बारीक असते, पिठूळ, सीलच्या फटीतनं पाण्याबरोबर आत जाते आणि ग्रीसमध्ये बसून पॉलिश पेपरचं काम करते. वर डिझेल मारून गाडी चमकवून देतो. रबराला डिझेल! आणि मग म्हणतो, “बघा, कशी नवी दिसालीय.”

पेट्रोल पंपावरच्या हवेवाल्याचं तर विचारूच नका. मातीत उतरायचं म्हणून १८ ठेव म्हटलं की माझ्याकडं असं बघतो जसं मी त्याच्याकडं किडनी मागितली. मान वळवली की ३५. “कमी होती, भरून दिलंय.” ह्यातला कळस म्हणजे आमच्या एका दोस्ताचा मामा, हुक्केरीकडं ऊस आहे त्यांचा, त्यांनी कुठनं तरी एक जुनी एटीव्ही, म्हणजे मातीत पळवायची चार चाकांची गाडी, आणलीय, रस्त्यावर आणता येत नाही म्हणून शेतातच फिरवतात, आम्ही कधी गेलो की आम्ही पण फिरवतो. त्या चार फुगीर टायरात हवा असते चार-पाच पीएसआय फक्त, बोटानं दाबलं तर दबतं, म्हणून तर ती चिखलावर तरंगत जाते. पंक्चर झालं म्हणून चाक गावातल्या दुकानात नेलं, त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं समजून ३० मारली. मामा बसले, बांधावरनं निघाले, आणि गाडी टुणटुण उड्या मारत थेट पाटात. मामांना काय झालं नाही, पण मामी अजून त्या गाडीचं नाव काढलं की उठून आत जातात.

आमच्या बाबांची येझदी होती, म्हैसूरच्या कारखान्यातली, ज्यात किक आणि गिअरचा दांडा एकच असतो, वर उचलून मागं वळवला की किक, पुढं पाडला की गिअर. शहापूरचे एक मेस्त्री ती बघायचे. टॉर्क रेंच हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नसेल. पण बारीक बोल्ट आवळताना पाना टोकाला धरायचे नाहीत, बोल्टच्या जवळ धरायचे, दोन बोटांत, म्हणजे जोर लावायचा म्हटलं तरी लागत नाही. मी लहान होतो, विचारलं तर म्हणाले, “मनगटाला कळतंय, आता बस म्हणून.” त्या गाडीचा एक आटा कधी गेला नाही. आता मनगट पण नाही आणि रेंच पण नाही, मधल्या मधी हवेची गन आहे, टर्रर्र केलं की पुढची गाडी.

रविवारी पहाटे सव्वापाचला ग्रुपवर टाकलं की मी येत नाही. एकानं लिहिलं, “मागं बस की माझ्या.” लेका, चिखलात डबलसीट? दिवसभर पाऊस भुरभुर, ना जास्त ना कमी, असा पाऊस वर्षातनं एकदा पडतो, आणि दर अर्ध्या तासाला व्हिडिओ. हा ओढा, तो ओढा, एक पडला, सगळे हसूलालेत, कणकुंबीला गरम भजी. मी घरात, कोपराला जुन्या ऑइलचा वास, तीनदा साबण लावून गेला नाही.

सोमवारी हाफ डे टाकून सर्व्हिस सेंटरला गेलो, बोल्ट रुमालात गुंडाळून, पुरावा म्हणून. काउंटरवरचा पोरगा गोड बोलणारा.

“बोल्ट तुम्ही खोललाय ना सर? मग ते आमच्याकडं येत नाही.”

“खोलला मी. आवळला कुणी?”

“आम्हीच टाईट केलंय की सर.” हे अभिमानानं. छाती पुढं काढून.

मी वॉशर दाखवला, सिलिकॉन दाखवलं, बिलातले १५ रुपये दाखवले. आतनं फोरमन आला, बोल्ट हातात घेतला, आट्यांची तार नखानं सोलून काढली, जणू पापुद्रा काढतोय, आणि पोराला म्हणाला, “एनू आगंगिल्ल बिडरी.” काय होत नाही, सोडा. मला कन्नड कळतं हे त्याला कळलं नसावं, बेळगावात राहून असा समज करून घेणारा पण धन्यच. मग म्हणाला अख्खं क्रँककेस बदलावं लागेल, इंजिन उतरवायचं, पार्ट बेंगळूरूहून येणार, पंधरा दिवस, अकरा हजार धरून चाला.

अकरा हजार. पंधरा रुपयांच्या वॉशरपायी.

गाडी घरनं ढकलत उद्यमबागेत नेली. ओळखीनं एका लेथवाल्या मामांकडं. त्यांनी खाली वाकून भोकात बोट घातलं, बोट पुसलं आणि विचारलं, “कुणी आवळलंय गा हे? बैल जुंपलाता काय?” मग ड्रिलला ग्रीस लावून, बुरादा आत पडू नये म्हणून, हातानं हळूहळू भोक मोठं केलं, आटे पाडायचा मोठा टॅप फिरवला, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, मग स्टीलच्या तारेची एक कॉइल आत पिळून बसवली, हेलिकॉइल म्हणतात तिला, तिचं खालचं टोक बारीक पक्कडीनं मोडून बाहेर काढलं आणि मला हातात दिलं, “मोजून घे, आत राहिलं म्हणशील नंतर.” वाटीभर स्वस्तातलं ऑइल वरनं ओतून आतला कचरा खाली धुऊन काढला. चाळीस मिनिटं. साडेतीनशे रुपये. आणि आता ते आटे अ‍ॅल्युमिनियमचे नाहीत, स्टीलचे आहेत, पहिल्यापेक्षा मजबूत. अकरा हजारवाल्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, उद्यमबाग त्यांच्यापासून किती लांब आहे?

रात्री घरी नवीन वॉशर घातला आणि स्वतःच्या रेंचनं २५ वर लावून आवळला, ‘टक्’ झालं, सोडला. बायको दारातनं म्हणाली, “झालं? एवढंच?” हो गं, एवढंच.

आज दुपारी जेवताना सर्व्हिस सेंटरच्या पोरीचा फोन आला. “सर, तुमची कंप्लेंट क्लोज केलीय, सर्व्हिसला १० पैकी १० द्या, ९ दिलं तर आमचं कट होतंय.” मी म्हटलं देतो की १०, तेवढं एक सांगा, माझ्या गाडीचा ड्रेन बोल्ट किती टॉर्कला आवळायचा असतो? दोन सेकंद शांतता. मागं कुणाला तरी विचारलं. मग फोनवर परत आली.

“फुल टाईट करतात सर.”

एक दिला.